परत पाठवायचा स्कोप

सोम., ३ नोव्हें.
सदाशिव पेठ, डोळ्यांचे डॉ. पार्किंग मिळेना म्हणून सुधीर खाली स्कूटरवरच बसून राहिला. नवरा खाली, मी वर. डॉ.नी पडद्याचा फोटो दाखवला. उजव्या डोळ्याची मधली नजर गेली ती गेली. आता इंजेक्शनांचा उपयोग नाही, डाव्याला जपा. आणखी काही विचारायचंय का? म्हटलं, नाही.
खाली आले तर सुधीर म्हणाला, काय म्हणाले? म्हटलं, चालू आहे. काय चालू आहे ते त्याने विचारलं नाही. येताना मटार घेतले, टीव्हीसमोर बसून सोलले. रडू येईल असं धरून चालले होते. आलं नाही.

गुरु., ६ नोव्हें.
रोज एकेक डोळा झाकून स्वयंपाकघरातल्या टाइल्सकडे बघायचं, डॉ.ची आज्ञा. डा.डो. – सगळ्या रेघा सरळ. उ.डो. – कडेच्या टाइल्स दिसतात, मधे ओल्या बोटाने पुसल्यासारखा डाग.
नसरीनचा फोन. कॉलेजपासून आम्ही दोघी एकाच रेंजवर एअर रायफल चालवतोय, त्यामुळे तिच्याशी खोटं बोलायचा कंटाळा येतो. तिला सांगितलंय. म्हणाली, डिसेंबरच्या क्लबच्या स्पर्धेत यंदा नवा गट आहे, टेबलावर टेकून मारायचा, स्कोप, म्हणजे वर बसवायची दुर्बीण, चालतो. उजव्याने नाही तर डाव्या खांद्यावर घे. म्हटलं, या वयात डाव्या हाताने सही करायला सांगतेस. आणि मारायचंच आहे कशाला?
त्यावर तिने उलट विचारलं, सुधीरला सांगितलंस? नाही. सांगितलं की तो काळजी करणार, मग त्याच्या काळजीची काळजी मी करायची. तेवढं सध्या अंगात नाही.

रवि., ९ नोव्हें.
नसरीनने सुधीरला त्या टेकून-गटाचं सांगून टाकलं. डोळ्याचं नाही सांगितलं, उपकार. साहेबांनी परस्पर स्कोप मागवला, वर तो बसवायच्या दोन रिंगा. आज खोकं आलं. त्याचं म्हणणं, पीप साइटच्या त्या बारीक भोकातून बघून बघून डोळा शिणला असणार. स्कोपातून मोठं दिसेल, ताण नाही. विमा कंपनीतून रिटायर झाल्यापासून सगळ्याच विषयांतलं कळायला लागलंय.
रायफल काढली. माझी पीप साइट मला न विचारता सोडवली, पण धुतलेल्या रुमालात नीट गुंडाळून ठेवली. माझी रायफल जुनी. तिच्या पाठीवर स्कोपसाठी नुसत्या दोन अरुंद खाचा आहेत, अकरा मि.मी.च्या. त्याने आणलेल्या रिंगा वीस मि.मी.च्या रुंद पट्टीसाठीच्या. गच्च आवळल्या तरी डुगडुगतात. मधे बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा घालू म्हणाला. म्हटलं, प्रत्येक छऱ्याला हलेल, मग नेम कुठे आणि छर्रा कुठे.
"अगं, 'सर्व रायफलींसाठी उपयुक्त' असं लिहिलं होतं."
"स्थळांच्या जाहिरातीतही लिहितात."
हसला. मी हसले का, आठवत नाही.

बुध., १२ नोव्हें.
दुसऱ्या रिंगा आल्या. या खाचेत चपखल बसल्या, पण वरचा गोल मोठा. गोल तीस मि.मी.चा, स्कोपची नळी एक इंच. पाय बसले तर डोकं सैल. सुधीरने कपाळावर हात मारला आणि शेजाऱ्यांकडून व्हर्निअर आणला. खाच, नळी, उंची, सगळं मोजलं, दोन-दोनदा. उंचीही बघावी लागते म्हणे, नाहीतर स्कोपचं पुढचं रुंद तोंड बॅरलला घासतं. म्हणे काय, हे मीच त्याला रविवारी सांगितलं होतं.
जेवतानाही रिंगा. भात वाढून घ्यायचं विसरला. रिटायर झाल्यापासून त्याला इतका खूश बघितला नव्हता. बघून बरं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. ताक केलं.

शनि., १५ नोव्हें.
तिसऱ्या रिंगा. बसल्या! डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर रायफल, हा वाकून. एक स्क्रू एकदम आवळायचा नाही, आळीपाळीने थोडा थोडा, हे मी दारातून सांगत होते. पुढचं तोंड आणि बॅरल यांच्यामधून लग्नपत्रिका सरकवून दाखवली मला. घासत नाही.
पॅसेजच्या टोकाला कपाटावर काळा गोल डकवला. रायफल रिकामी आहे ना, मी सवयीने बघितलं. मग बसले. उजवा खांदा, उजवा गाल. तीस वर्षांची जागा, डोकं आपलं आपण जाऊन बसतं. उ.डो.ला कपाटाची कड दिसली, बिजागरी दिसली, भिंतीवरचा पोपडा दिसला. मधे काही नाही.
बोलून गेले, "मधे धूसर आहे." खोटं नव्हतं.
त्याने स्कोपचं पुढचं कडं फिरवून फोकस केला. चष्म्याच्या फडक्याने काच पुसली. आता? तसंच. मग स्वतः बसून बघितलं, बराच वेळ.
"मला तर स्वच्छ दिसतंय." आणि थोड्या वेळाने, "पण मला काय कळतंय त्यातलं. तू म्हणतेस म्हणजे असणार."
तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं आणि परत खाली गेलं.

मंगळ., १८ नोव्हें.
सुधीरने विकणाऱ्याला फोन लावला. स्पीकरवर. मी मेथी निवडत होते.
तो मनुष्य सभ्यपणे म्हणत होता की तपासून पाठवलाय, फोकस जमत नसेल. सुधीर आपल्या ठेवणीतल्या आवाजात:
"हे बघा, माझी बायको तीस वर्षं नेम धरतेय. ती मधे डाग आहे म्हणते म्हणजे तुमच्या काचेत डाग आहे. तिच्या डोळ्यावर शंका घ्यायचं आपल्याला कारण नाही."
शुक्रवारी माणूस येऊन घेऊन जाणार. पैसे परत किंवा दुसरा पीस. सुधीर म्हणाला, दुसराच घेऊ, आता मापं पाठ झालीत.
निवडलेली मेथी कचऱ्यात टाकली आणि देठं पातेल्यात. परत वेचली.
नसरीनला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे आता तू काचेवर ढकललंस."

बुध., १९ नोव्हें.
टाइल्स. डा.डो. सरळ. उ.डो. तेच.
दुसरा पीस आला की मी परत धूसर म्हणणार. मग तिसरा. हा माणूस कंटाळणार नाही, हीच पंचाईत आहे.
नसरीनचा मेसेज – सोमवारपर्यंत नाव दे, यादी जाणार. उत्तर दिलं नाही.

शुक्र., २१ नोव्हें.
सुधीरने सकाळीच खोकं काढलं. थर्माकोलसुद्धा जपून ठेवला होता. किल्ली घेऊन स्कोप सोडवायला बसला. पहिला स्क्रू सैल केला.
"थांब," म्हटलं.
रायफल ओढली आणि डाव्या खांद्याला लावली. गाल टेकायचा उंचवटा भलत्या बाजूला, लाकूड जबड्याला टोचतंय, मान पुढे जाईना. उजवा मिटला. स्कोपात सगळीकडे काळं, मधे लहानशी उजेडाची चकती. आणि त्या चकतीत तो काळा गोल. अख्खा. कडा जिथल्या तिथे.
"दिसतंय. काचेत काही नाही, सुधीर."
मी डावीकडून बघतेय हे त्याला कळायला वेळ लागला नसावा.
"उजवा?"
"तो गेला. त्या सोमवारी दवाखान्यात नाही का गेलो, तेव्हाच सांगितलं त्यांनी."
"मी खाली होतो."
"हो."
बसला खुर्चीत. फडकं घडी केलं, उलगडलं. मग म्हणाला, "त्या बिचाऱ्याला मी काय काय बोललो फोनवर."
एवढंच. का लपवलंस नाही, काही नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं.
बेल वाजली. दारातला माणूस पार्सल मागत होता. सुधीर म्हणाला, न्यायचं नाही. त्याला मोबाइलमधे कारण भरायचं होतं. सुधीर दाराला धरून उभा, आणि मग नेहमीपेक्षा हळू म्हणाला, "आमचीच चूक झाली, असं लिहा."
परत येऊन माझ्यामागे उभा राहिला. कपाटातला जाडा पंचा आणला, घडी करून माझ्या गालाखाली लाकडावर बांधला. टोचायचं थांबलं. मग बाकीचे स्क्रूही सैल केले. स्कोप मागे घ्यावा लागेल, म्हणाला, तुझं डोकं आता मागे आहे. अगदी विमा-ऑफिसच्या आवाजात. केसभर सरकवला. चकती मोठी झाली. आणखी केसभर.
"आता?"
आता डाव्यालाही धूसर दिसत होतं. गालाखालचा पंचा ओला झाला होता.
म्हटलं, जरा थांब.
तो किल्ली धरून थांबला.