विसाव्यावरून परत आलेल्याचे मृत्युपत्र

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवतो की, मी जगदेव वल्द आनंदा, जात माळी, धंदा बागाईत, राहणार मौजे रिठद, तालुका वाशीम, जिल्हा अकोला, हा लेख लिहितेवेळी जिवंत आहे. इतर लोक असे लिहीत नाहीत, कारण त्यांच्याबद्दल कोणाला शंका नसते. माझ्याबद्दल गावात दोन मते आहेत, म्हणून मुद्द्याची गोष्ट पहिल्या ओळीत घातली. मी शुद्धीवर आहे. कोणी दाब दिलेला नाही, कोणी पाजलेले नाही. शाळेचे तोंड पाहिले नाही; अक्षरे वाशीमच्या बाजारात दुकानांच्या पाट्या वाचून आणि पोथीवर बोट ठेवून शिकलो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर ती चूक माझी, मजकूर मात्र खरा. जे या कानांनी ऐकले त्याचा धक्का अजून अंगातून उतरलेला नाही.

कलम १. काय घडले ते आधी लिहितो, कारण पुढची सगळी कलमे त्यातून निघाली.

गेल्या माघात मला ताप भरला. एका सकाळी अंग गार पडले, डोळे मिटले, जीभ उचलेना. नानाजी वैद्य आले. त्यांनी मनगट धरले, नाकाशी सूत धरले आणि म्हणाले, "आटोपलं." मला ते स्वच्छ ऐकू आले. मी आतच होतो! ओरडावेसे वाटले, पण करंगळी हलेना. तेथून पुढे जे जे बोलले गेले ते मी सगळे ऐकले. मेलेल्याला ऐकू येत नाही या भरवशावर माणसे बोलतात. हा भरवसा कोणी धरू नये.

पहिला धक्का माझे नाव गेल्याचा. रात्री निजलो तो जगदेवदादा होतो. सकाळी चूल पेटायच्या आत मढं झालो. "मढं भुईवर घ्या." "मढ्याचं तोंड इकडं करा." "मढ्याले आंघोळीचं पाणी तापलं का?" ज्या पोरांना मी वाफ्यातल्या काकड्या तोडून दिल्या, तीच ही तोंडे. दारात कोणी विचारले, "माती कवा हाय?" तर दुसरा म्हणाला, "रिसोडचे सोयरे आले का उचलू." माती म्हटल्याचे मला दुःख नाही. मी माळी माणूस, जन्म मातीतच गेला. पण मढं हा शब्द कानात कुसळासारखा शिरला तो निघत नाही.

सबब आज्ञा अशी की, पुढल्या वेळी सरणाला अग्नी लागेपर्यंत मला नावाने बोलावे. "दादाले उचला, दादाले सरळ धरा" असे म्हणावे. अग्नी लागल्यावर राख म्हणा, अस्थी म्हणा, कैलासवासी म्हणा. माझी तक्रार नाही.

कलम २. बांधावरचा खोबऱ्या आंबा कोणत्याही कारणाने तोडू नये. तिरडी बांधली जात असताना आमचे गुलाबराव पाटील म्हणाले, "सरणाले लाकूड कमी पडन तं बांधावरचा आंबा तोडा. बुढ्याले आता काय आंबे खाचे हायेत?" पाटील, मी तुमच्या पायाशीच पडलो होतो. माझ्या सरणाला वाळली बाभूळ आणि गोवऱ्या पुष्कळ झाल्या. त्या आंब्याची पाडाची एक टोपली दर उन्हाळ्यात पाटलांच्या घरी पोचती करावी. शिक्षा म्हणून नव्हे. आंबा चोखताना माणसाला आपले बोलणे आपोआप आठवते.

कलम ३. मला वाजतगाजत नेले आणि गावाबाहेर, जेथे तिरडी खाली ठेवून खांदे बदलतात त्या विसाव्यावर टेकवले. तेथे कोणी प्रेमाने गुलालाची मूठ तोंडावर उधळली. गुलाल नाकात गेला आणि मला शिंक आली. दुसरीही आली.

मग जे झाले ते मी गुलालातून अर्धवटच पाहिले. ज्यांनी खांदा दिला होता ते बाभूळबनात, टाळकरी नाल्यात. माझा पुतण्या इंद्रभान पुढे आकटे धरून चालला होता. आकटे म्हणजे विस्तवाचे मडके, जे मुलाने धरायचे आणि मुलगा नसेल तर पुतण्याने. त्याने ते आकटे तेथेच आपटले आणि पळाला. मी तिरडीवर बांधलेला, एकटा. फक्त सेवादास उभा राहिला. तो तांड्यावरचा, माझा तरुणपणापासूनचा दोस्त. तोही लांबूनच बोलला.

"जगदेवदादा, भूत असशीन तं आल्या वाटेनं जाय. माणूस असशीन तं चिलम वढ."

"सोड तं आंदी लेका," मी म्हणालो, "बांधल्या हातानं कशी वढू?"

तेव्हा त्याने सुतळ्या कापल्या. हे नवे नव्हे. मानमोडीच्या साथीत आमची एकुलती एक मुलगी कस्तुरा गेली तेव्हा खांदा द्यायला गाव दारे लावून बसले होते, आणि हाच सेवादास तांड्यातून आला होता. सबब माझी चिलीम, तंबाखूचा बटवा आणि नवी घोंगडी सेवादासला द्यावी. वाटेकऱ्याची साक्ष चालत नाही असे अर्जनवीस सांगतात, म्हणून त्याला साक्षीदार केला नाही. त्याने राग मानू नये.

त्या तिरडीचे बांबू मी मळ्यात वालाचे वेल चढवायला रोवले आहेत. बांबू चांगले होते, टाकवले नाहीत. माझी बायको प्रयागबाई त्या वेलाची शेंग तोडत नाही आणि रिठदात तो वाल कोणी घेत नाही. वाशीमच्या बाजारात हातोहात जातो. तेथे कोणी सांगू नये.

कलम ४. घरी आलो तो अंगणात रडारड चाललीच होती. मला पाहून ती बंद पडण्याऐवजी वाढली. पोटात आग पडली होती, दोन दिवस अन्न नव्हते. इतक्यात शेजारणीकडून पिठले-भाकरीची टोपली आली. तो कडू घास होता. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी पहिला घास आणतात तो. मीच खाल्ला. स्वतःच्या मयताचा कडू घास खाणारा माझ्या माहितीत दुसरा नाही, आणि खरे सांगतो, इतकी गोड भाकरी मी आजवर खाल्ली नव्हती.

मग प्रयागबाईने पाण्याचा तांब्या ठेवला. तांब्या वाजला, हात वाजला नाही. वर पाहिले. कपाळ पुसलेले, दोन्ही मनगटे उघडी, एका मनगटाला रक्ताची रेघ. प्रयागबाई माझी लग्नाची बायको. मी समोर बसून भाकरी खातो आहे आणि ती विधवा झालेली आहे! घास तोंडात फिरू लागला. त्या दिवसापासून तिच्या हातात बांगडी नाही, आणि ती त्याबद्दल बोलतही नाही.

भटजींना विचारले. ते म्हणाले, ज्याची तिरडी निघाली तो नव्याने जन्मला असे धरावे, त्याचे बारसे करावे आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावावे. मी तयार झालो होतो. प्रयागबाई म्हणाली, "एकदा केलं तेच पुरं झालं मले." विषय तेथेच संपला.

कलम ५. मिळकत. विहिरीचा मळा आणि राहते घर ही भावाशी वाटणी झाल्यावर माझ्या कष्टाने केलेली जायदाद आहे. ती सर्व माझ्या पश्चात प्रयागबाईची. पोटगीपुरती नव्हे, जिवंत असेपर्यंत वापरण्यापुरती नव्हे. पुऱ्या मालकीची, विकण्याच्या, गहाण टाकण्याच्या, कोणाला देऊन टाकण्याच्या हक्कासह.

हे इतके फोडून लिहिण्याचे कारण इंद्रभान. तो चावडीवर म्हणतो, "म्या काकाचं आकटं धरलं. आकटं धरलं त्याचं घर. काकू राहीन आमच्यात, दोन घास खाईन." मी जिवंत असताना म्हणतो, तर मेल्यावर काय करील ते दिसतेच. सबब सर्वांस कळावे की मडके धरल्याने मळा मिळत नाही. शिवाय ते मडके विसाव्यापुढे गेलेले नाही, तर त्याचा हक्क माझ्या मळ्यापर्यंत कसा येईल?

तरी पोरगे वाईट नाही. तिरडीपुढे चालताना कोणाला तरी तो हळूच विचारत होता, "काकाच्या इहिरीचं पाणी आता आमच्या वावरात वळवता येईन ना?" आणि दहा पावलांवर तोच, "काका, ओ काका" करून हुंदके देत होता. दोन्ही खरे होते. माणूस एका तोंडाने दोन्ही बोलतो, हे मी त्या दिवशी शिकलो. त्याला माझी मोट, नाडा आणि बैलजोडी द्यावी. त्याने आधी काकूच्या वाफ्यांना पाणी द्यावे, मग स्वतःच्या. पुढल्या वेळी आकटेही त्यानेच धरावे. घट्ट धरावे.

कलम ६. माझी भावजय गिरजाबाई, इंद्रभानची आई, हिने माझी तिरडी उंबऱ्याबाहेर पडते न पडते तोच प्रयागबाईच्या बांगड्या फोडल्या असे गाव सांगते. तिला इतकी काय घाई होती? मळा पोराच्या नावावर व्हावा म्हणूनच ना? सबब तिने माझ्या दहाव्याला, तेरवीला, कशालाही येऊ नये. माझ्या नावाचे गोड जेवण तिच्या घशाखाली उतरू नये.

कलम ७. बांगड्या मरणापायी फोडतात. माझ्या मरणाच्या एकदा फुटल्या. एकाच माणसाच्या मरणाच्या बांगड्या दोनदा फोडता येत नाहीत. वाशीमच्या कोर्टात विचारून पाहा. सबब प्रयागबाईने कासाराला बोलावून हिरव्या बांगड्या भराव्यात आणि माझ्या दुसऱ्या मरणानंतरही त्या हातात ठेवाव्यात, असा माझा हुकूम आहे.

पुरवणी. वरील मजकूर आज ओसरीवर साक्षीदारांना वाचून दाखवला. नानाजी वैद्यांना मी मुद्दाम साक्षीला घेतले आहे. ज्यांनी मला मेलेला ठरवले, त्यांनीच जिवंत असल्याची साक्ष द्यावी. दुसरे साक्षीदार तांड्याचे धनसिंग नाईक. सेवादास नुसता बसायला आला होता. वाचन संपले, वैद्यांनी टाक शाईत बुडवला, तो दाराआडून प्रयागबाईचा आवाज आला.

"जाऊबाईचं नाव खोडा."

"काहून?" मी म्हणालो.

"त्याइनं नाई फोडल्या. म्या फोडल्या."

टाकाची शाई वैद्यांच्या धोतरावर पडली. मी म्हणालो, "सारं गाव म्हणते का गिरजाबाईनं फोडल्या."

"गाव तं तुमालेबी मेला म्हणे."

मग ती बाहेर येऊन उंबऱ्याशी उभी राहिली. ती जे बोलली ते जसेच्या तसे लिहितो.

"तुमाले उचललं. साऱ्या जणी माह्या हाताकडं पाहून राह्यल्या. जाऊबाईनं रडत रडतच मनगट धरलं. रीतच हाय, त्याइचा काय गुन्हा? त्याइच्याबी कोणी अशाच फोडल्या होत्या. म्या म्हटलं, सोडा जाऊबाई. माणूस तं लोकाइनं खांद्यावर नेला, हात तेवढे माहे माह्याजवळ राहू द्या. अन् जोत्याच्या दगडावर दोन्ही हात आपटले."

"मंग इतके दिवस बोलली काहून नाई?"

"काय बोलू? तुमी गुलालानं भरलेले दारात उभे. लोक म्हणे देव पावला. मले आंदी लाज वाटली. वाटलं, म्या घाई केली. जराक दम धरला असता तं..." येथे ती थांबली. "तवापासून कासाराची हाक आली का मले तुमच्या तोंडाकडं पाहावत नाई."

तिरडीवर पडून जे ऐकले ते सगळे एकीकडे आणि हे एकीकडे. मी महिनाभर गिरजाबाईला मनात शिव्या घालत होतो. गाव माझ्या बायकोला बांगड्या भरू देत नाही असे समजून गावाशी भांडत होतो. आणि इथे, चुलीपलीकडे, ही लाज पोटात घालून मला भाकरी वाढत होती.

मी म्हणालो, "जाऊ दे ते. आता भर. म्या हुकूम लेहला हाय ना."

"हुकमानं भरू?" ती म्हणाली. "जितेपणी तुमी म्हणसान तसं केलं. मेल्यावरबी तुमीच सांगसान?"

सेवादास म्हणाला, "खोड बाप्पा, दादा. या दाव्यात तू हारला."

सबब कलम ६ खोडले आहे. गिरजाबाईने तेरवीला यावे, पहिल्या पंगतीला बसावे. कलम ७ सुद्धा खोडले आहे, आणि त्याच्या जागी पुढील मजकूर वाचावा.

कलम ७ (नवे). माणसाला मृत्युपत्राने आपली मिळकत देता येते. जे आपले नाही ते देता येत नाही आणि त्यावर अटही घालता येत नाही. प्रयागबाईचे हात माझ्या मिळकतीत नाहीत. हे मला आज कळले, फार उशिरा कळले. सबब ते भरावे की उघडे ठेवावे, आणि मी गेल्यावर त्यांचे काय करावे, याबद्दल या मृत्युपत्रात काहीही लिहिलेले नाही. त्या दिवशी कोणी तिचे मनगट धरू लागल्यास तिने हे कोरे कलम दाखवावे.

येणेप्रमाणे राजीखुशीने लिहून, वाचून, खोडून आणि पुन्हा वाचून सही केली.

सही: जगदेव वल्द आनंदा माळी, दस्तुर खुद्द

साक्षीदार, ज्यांनी लिहिणाऱ्याला सही करताना पाहिले व त्याच्या समक्ष सह्या केल्या:
१. नानाजी वैद्य, राहणार रिठद
२. धनसिंग नाईक, राहणार तांडा, रिठद शिवार, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

मुक्काम रिठद, फाल्गुन वद्य पक्ष, शके १८५५, तारीख ११ मार्च १९३४