तेवीस नंबरचा हात

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा आकडा दिला नाही! तेवीस नंबरनं.

अकरा वाजता फोन सुरू केले. एक्कावन्न माणसं, सगळ्यांना एकच प्रश्न – गेल्या चोवीस तासांत खाज किती? शून्य म्हणजे नाहीच, दहा म्हणजे सहन होत नाही. बाकीचे पटकन सांगून मोकळे होतात. चार. सहा. "तीनच लिहा सिस्टर, आज बरं आहे." मी रकाना भरते, पुढचा नंबर लावते. तेवीस नंबर मात्र –

"सिस्टर, आज मुंग्यांनी बिऱ्हाड हलवलंय. काल कोपराच्या खाली होत्या, आज वर गेल्यात."

"आकडा सांगा ना."

"मुंग्यांचा?"

हसू आलं. पण रकान्याला हसू चालत नाही. शेवटी म्हणाले, "सहा लिहा, सात लिहा, तुम्हाला आवडेल ते." आवडेल ते! हे काय भाजी घेणं आहे?

सहा लिहिलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वॉर्डात एकोणीस वर्षं काढली तेव्हा वाटायचं, बसून काम करणाऱ्यांची मजा आहे. गुडघ्यानं दगा दिला आणि त्वचा विभागाच्या या संशोधनाच्या खोलीत आले. एक टेबल, एक फोन, एक कपाट. कपाटात गोळ्यांच्या डब्या, सगळ्या एकसारख्या, वर फक्त नंबर. निम्म्यांत ॲलर्जीच्या खाजेवरची नवी गोळी, निम्म्यांत नुसती पिठाची. कुणाच्या वाट्याला काय, ते मला माहीत नाही, सरांनाही नाही. सहा महिन्यांनी यादीचं बंद पाकीट उघडणार.

साठ जण घेतले होते. नऊ सोडून गेले. पन्नासच्या खाली गेलो तर सगळं बंद, असं सर रोज एकदा तरी म्हणतात. मोठे डॉक्टर, पण गुडघ्यावर बसून पेशंटचे पाय बघतात. म्हणून मी त्यांचं ऐकून घेते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तेवीस नंबर आज तपासणीला आले. बसचे ड्रायव्हर आहेत, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. गणवेशातच आले होते, बाही दुमडून. खिडकीकडचा हात, दंडाच्या खालपासून मनगटापर्यंत, खाजवून खाजवून जाड झालाय. जुन्या चपलेचं चामडं असावं तसा. दुसरा हात मऊ, स्वच्छ. असं का?

सोबत बायको. वहिनींनी पिशवीतून वही काढली. चार वर्षांपूर्वी कुठेतरी टोचून चाचणी केली होती, तेव्हा दोन-तीन ठिकाणी बारीक गांधी उठल्या. झालं! त्या दिवसापासून अंडी बंद, मासे बंद, दूध बंद, शेंगदाणे बंद, लोकरीचा स्वेटर बंद. घरातलं मांजर शेजारी देऊन टाकलं.

"त्यांचं वेगळं पातेलं, आमचं वेगळं," वहिनी म्हणाल्या. "चार वर्षं. चुकून चमचासुद्धा इकडचा तिकडे केला नाही मी."

"आणि फरक?"

वहिनींनी वही मिटली.

"मांजराला फरक पडला," तेवीस नंबर म्हणाले. "जाडं झालं."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवताना आईला सांगितलं की एक गृहस्थ खाज आकड्यात मोजायला तयार नाहीत. आई म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. कुठली खाज? घामोळ्याची चुणचुण होते. साबण राहिला तर चुरचुरतं. लोकर हुळहुळते. जखम भरताना येते ती वेगळी, ती तर बरी वाटते. आणि कंड म्हणजे तर – खाजवल्याशिवाय जिरत नाही. तुझ्या सहामधली कुठली?"

मी घास हातात धरून बसले! एकोणीस वर्षं नर्स, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.

"आणि हात शिवशिवतात ती?" मी विचारलं.

"ती मला तुझ्या लहानपणी रोज यायची," आई म्हणाली.

१० फेब्रुवारी, सोमवार

वहीच्या मागच्या पानावर एक रकाना वाढवला. सरांना सांगितलेलं नाही. आकडा घेतल्यावर विचारते – "नक्की कसं होतं, तुमच्या शब्दांत?" लोकांना इतकं बोलायचं असतं! फोन एकला संपायचे, आज अडीच वाजले. एक आजोबा म्हणाले, "आजवर कुणी विचारलंच नाही, ताई. सगळे मलमच देतात."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवसांचे शब्द एकाखाली एक लिहून काढले. खाज, कंड, चुणचुण, आग, "अंगावर कुणी खाजकुयली टाकल्यासारखं". सगळ्यांचं सगळं कातडीवर. वरून.

तेवीस नंबर एकदाही 'खाज' म्हणालेले नाहीत. मागचे कागदही चाळले. एकदाही नाही! "मुंग्या." "आतून कुणीतरी बारीक सुईनं शिवतंय." "कातडीच्या खाली आहे सिस्टर, नख पोचत नाही तिथे."

नख पोचत नाही. मग खाजवतात कशाला? पोचत नाही म्हणूनच, बहुतेक.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन वहिनींनी उचलला. "थांबा हं, बर्फ ठेवून बसलेत."

"बर्फ?"

"रोजच. त्याशिवाय चैन पडत नाही. बसमध्येसुद्धा थर्मासमध्ये नेतात, शेवटच्या थांब्यावर हाताला लावतात. लोकांना वाटतं सरबत आहे."

"मलमानं बरं वाटत नाही?"

"कशानंच नाही. फक्त बर्फानं. तोही उचलला की पुन्हा सुरू."

नंतरच्या एकोणतीस जणांना मुद्दाम विचारलं. गार पाणी बरेच जण घेतात. पण फक्त बर्फ, दुसरं काहीच नाही, असं कुणीच म्हणालं नाही.

एकच हात. खिडकीकडचा. आतून. फक्त बर्फ. डोक्यात भुंगा लागलाय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सरांपुढे वही ठेवली. त्यांनी पाहिली, पान उलटलं, चष्मा काढला.

"सिस्टर, हे कविता म्हणून छान आहे."

मी म्हटलं, "सर, हे ॲलर्जीचं नसेल तर?"

"त्वचा बघितलीत ना? सगळी जाड झालीय. चाचणीत गांधी उठल्यात. अजून काय पाहिजे?"

"जाड खाजवल्यानं झाली असेल. मुळात काय होतं ते..."

"एक्कावन्न उरलेत," ते म्हणाले. "हा माणूस एक गोळी चुकवत नाही. उगाच खाजवून खरूज काढू नका."

त्वचेच्या डॉक्टरानं ही म्हण वापरावी! मला भयंकर हसू आलं, आणि रागही आला. बाहेर येऊन दोन ग्लास पाणी प्यायले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सर सकाळी माझ्याआधी खोलीत! माझी वही वाचत बसलेले. मागची पानं.

"तेवीस नंबरची मान कुणी तपासलीय?"

"मान?"

"कागदात आहे का बघा."

बघितलं. हात आहे, पोट आहे, रक्त आहे, मांजरसुद्धा आहे. मान नाही.

"बोलवा त्यांना," सर म्हणाले. मग दारातून मागे वळून – "काल जे बोललो ते... जाऊ दे. बोलवा."

२० फेब्रुवारी, गुरुवार

सरांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि मान हळूहळू एका बाजूला वळवली. मी हाताकडे बघत होते. अर्ध्या मिनिटात त्यांचा दुसरा हात आपोआप खाजवायला आला!

"मुंग्या?" सरांनी विचारलं.

"जाग्या झाल्या साहेब. तुम्हाला कसं कळलं?"

"मान दुखते का?"

"सव्वीस वर्षं बस चालवतो. मान कुणाची दुखत नाही? ते काय सांगायचं!"

उद्या मानेचा फोटो. साधा नाही, मोठ्या यंत्रातला. वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सिस्टर, काही वंगाळ तर नसेल?" मी "नाही हो" म्हटलं. मला काय माहीत होतं? काहीच नाही. तरी म्हटलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

अहवाल अजून नाही. मी तीनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा तिथला माणूस म्हणाला, "तुमचे कोण लागतात?"

काय सांगू? तेवीस नंबर लागतात.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गाठ नाही. देव पावला!

मानेतले दोन मणके जवळ आलेत, मधून निघणारी नस दबलीय. सरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. हाताची तक्रार हातात नव्हतीच. वर्षानुवर्षं खिडकीतून लागणाऱ्या उन्हानं त्यात भर घातली. नस खोटा निरोप पाठवते, मेंदू खरा मानतो, आणि माणूस हात खाजवत बसतो. औषध वेगळं, मानेचे व्यायाम, उन्हात लांब बाही. आणि जेवणाखाण्याचं काही पथ्य नाही. टोचून केलेल्या चाचणीतल्या त्या बारीक गांधींना अर्थ नव्हता.

मग तेवीस नंबर म्हणाले, "म्हणजे मांजर निर्दोष?"

मी हसले. सर हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी ती पथ्याची वही पिशवीतून काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा आत ठेवली, पुन्हा काढली. "चार वर्षं," एवढंच. मग एकदम सरांवर – "तुम्ही लोक आधी मान का बघत नाही हो? मान काय पेटीत ठेवलेली असते?"

सर म्हणाले, "चुकलंच, वहिनी."

एकोणीस वर्षांत कुणा मोठ्या डॉक्टरांना असं म्हणताना ऐकलं नव्हतं.

खाली उपाहारगृहात दोघांना चहा पाजला. तेवीस नंबरनी दूध घातलेला मागितला. आणि एक उकडलेलं अंडं. अंडं समोर आल्यावर मात्र बराच वेळ नुसतं बघत राहिले. वहिनींनी सोललं, मीठ लावलं, त्यांच्या हातात दिलं. "खा आता. वाट कसली बघताय?" खाल्लं. मग तिघंही त्यांच्या हाताकडे टक लावून बसलो! काय होणार होतं? काहीच नाही झालं.

३ मार्च, सोमवार

सवयीनं तेवीस नंबर फिरवला. मग लक्षात आलं, ते आता यादीत नाहीत. पन्नास.

"सिस्टर, आज आकडा आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "पाच. लिहायचा तर लिहा."

रकाना नव्हता. माझ्या वहीत लिहिला.

१९ मार्च, बुधवार

ते स्वतः येऊन गेले. मुंग्या निम्म्यावर. थर्मासमध्ये आता खरंच सरबत असतं. मांजराला परत आणायला शेजारी गेले होते. "ओळख दाखवत नाही सिस्टर. तिकडे रोज मासे मिळतात, आमच्याकडे कशाला येईल?" बोलले हसत, पण गेले तेव्हा दारात जरा रेंगाळले.

२४ मार्च, सोमवार

एक गोष्ट टोचतेय. तेवीस नंबर चिवट, म्हणून टिकले. जे टिकले नाहीत त्यांचं काय? सोडून गेलेल्या नऊ जणांचे कागद काढले. सहा जणांच्या पुढे एकच कारण – "गोळीने फरक नाही". कुठे होतंय, कसं होतंय, हे कुणी विचारलेलं नाही. कुणी म्हणजे मीच.

सरांकडे गेले. म्हटलं, नऊ जणांना फोन करू का? सर म्हणाले, सोडून गेलेल्यांना असं परस्पर फोन करता येत नाही, नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. मला वाटलं, संपला विषय. तर त्यांनी कागद ओढला आणि तिथेच अर्ज लिहायला घेतला. दोन ओळी लिहून थांबले.

"सिस्टर, नऊपैकी बरेच जण तसेच निघाले तर आपला सगळा अभ्यास नव्यानं तपासायला लागेल. माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर."

"बरं," म्हणाले, आणि पुढे लिहू लागले.

१ एप्रिल, मंगळवार

परवानगी आली.

२ एप्रिल, बुधवार

नऊ फोन. सात जणांनी उचलला. पाच जण म्हणाले – फक्त बर्फ.

पाचवा फोन अकरा नंबर, शाळेतल्या निवृत्त बाई. त्यांच्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, "सहकार्य करत नाहीत. आकडा विचारल्यावर रडतात." मी मानेविषयी सांगितलं, येऊन दाखवा म्हटलं.

मग त्या म्हणाल्या, "सिस्टर, एवढं एकदा माझ्या मुलाला सांगाल का? तो मला मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या देतोय."