क्षमावणीच्या शर्यतीआधी वाचून दाखवायचे मृत्युपत्र

मी, धरणेंद्र जिनाप्पा मगदूम, वय एकसष्ट, धर्म जैन, धंदा तंबाखूचा व्यापार व शेती, राहणार बोरगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो ते असे की, माझी बुद्धी शाबूत आहे, मला कोणी दमदाटी केलेली नाही, आणि मी नशेतही नाही. तंबाखू विकतो, खात नाही. मात्र मी घाबरलेला आहे. अक्षर वाकडे आले आहे ते भीतीने, आजाराने नव्हे. पुढेमागे कोर्टात कोणी हे अक्षर दाखवून माझे डोके फिरले होते असे म्हणू लागल्यास त्याला हे वाक्य वाचायला लावावे.

भीतीचे कारण असे. पर्युषणाचे दहा दिवस संपले की आम्ही एकमेकांची क्षमा मागतो, त्या क्षमावणीच्या दिवशी यंदा आमच्या दूधगंगा नौका क्लबची शर्यत पंधरा वर्षांनी पुन्हा व्हायची आहे. त्या शर्यतीत आमच्या नावेत सुकाणूवर मी बसणार आहे. मला पोहता येत नाही.

कलम पहिले. बोरगावातील राहते घर आणि नदीकाठचे शेत माझा पुतण्या पार्श्वनाथ बाहुबली मगदूम याला द्यावे. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी भावजय धोंडूबाई, हिचा त्या घरावर हयातभर हक्क राहील. माडीवरची, नदी दिसत नाही ती खोली तिची आहे. खोली तिनेच मागून घेतलेली आहे, ती तिला कोणी बदलायला लावू नये.

कलम दुसरे. निपाणीची तंबाखूची वखार माझी मुलगी कमला हिला द्यावी. जावयांना वखारीतल्या वासाने शिंका येतात, म्हणून व्यवहार कमलाने बघावा. तिला तो त्यांच्याहून चांगला जमतो आणि हे जावयांनाही माहीत आहे.

कलम तिसरे. क्लबातील मगदूम घराण्याचे आसन, म्हणजे सभासदाची जागा. हे नुसते देतो म्हणून भागणार नाही, कारण नव्या सभासदांना क्लबाबद्दल फारसे माहीत नाही आणि जुने सांगताना अर्धे गाळतात.

आमचा क्लब १९०९ साली निघाला. त्याआधी पावसाळ्यात नदी ओलांडायची तर गुळाच्या काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत बसून. तंबाखू खरेदीला येणाऱ्या एका साहेबाने मिरज स्टेशनावरून बैलगाडीवर घालून एक लांब, निमुळती नाव आणवली, दोन वर्षे ती वल्हवली आणि बदली होताच आमच्या गळ्यात टाकून गेला. निपाणी-बोरगावच्या जैन व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून घाट बांधला, वर कौलारू बंगला बांधला, आणि शर्यतीसाठी तशीच दुसरी नाव करवून घेतली. सभासद फक्त चाळीस घरे. बंगल्यात कांदा-बटाटा चालायचा नाही, पाणी गाळून उकळलेले, आणि जेवण दिवस मावळायच्या आत. बायकांना शर्यतीपुरती गच्ची. वल्ही मारायला मात्र शेतकऱ्यांची पोरे, कारण आमच्यातल्या बहुतेकांचे दंड वह्या उचलून तयार झालेले. भावकू त्यांतला एक. आम्ही बंगल्यात बसायचो, तो पायरीवर बसायचा. वरखाली फक्त नावेत नव्हते, कारण तिथे सगळ्यांची बुडे सारखीच ओली व्हायची.

मला पोहता का येत नाही, हे कित्येकांनी मागे हसून विचारले आहे. मी आठ वर्षांचा असताना आईने आम्हा दोघा भावांना स्तवनिधीला मुनिमहाराजांपुढे उभे केले. मी नेम घेतला की न गाळलेल्या पाण्यात अंघोळ करणार नाही. नेम जन्माचा. धाकटा बाहुबली तेवढ्यात ऊस खायला पळाला, म्हणून त्याचा नेम राहून गेला आणि तो नदीत पोहायला शिकला. नावेत बसणे म्हणजे अंघोळ नव्हे, असा निवाडा घरात झाला आणि मी सुकाणूवर बसू लागलो. वीस वर्षे बसलो. तेव्हा मला भीती वाटत नसे.

१९३१ सालची शर्यत. नदी लाल झाली होती, वरून झुडपे वाहत येत होती. सर्वांनी पाहिले. थांबा म्हणणारेही होते. पण बाहुबलीसह निम्म्या गड्यांचे दहा दिवसांचे उपास होते, त्यांचे पारणे बंगल्यात ठेवलेले, आणि मग जेवायला बसायचे ते दिवस मावळायच्या आत. शर्यत लांबली असती तर उपाशी माणसांना दुसऱ्या दिवसापर्यंत ताटकळावे लागले असते. तेव्हाचे सचिव नेमगोंडा पाटील हातातले घड्याळ बघत होते. त्यांनी बार उडवला.

पैलतीराजवळ, परत फिरायच्या वळणावर, नाव आडवी असताना एक झाडाचे खोड येऊन आदळले. मी पाण्यात गेलो. पाणी नाकातोंडात शिरले तेव्हा मला देव आठवला नाही, कोणीच आठवले नाही, हे लिहून ठेवतो. बाहुबलीने मला मानेला धरून वर काढले, पालथ्या नावेवर माझे हात ठेवले आणि म्हणाला, “अण्णा, हितं धर. सोडू नगंस.” मी धरले. तो माझ्या शेजारीच होता. मग नव्हता. दहा दिवस अन्न नसलेला गडी, त्याच्या हातात माझ्यापुरतेच बळ उरले होते.

नेम मोडल्याचे प्रायश्चित्त म्हणून मला एक उपवास सांगण्यात आला, तो मी केला. भावाचे प्रायश्चित्त कोणते, ते मी विचारले नाही आणि मला कोणी सांगितले नाही. तेव्हापासून मी लोटाभर पाणीसुद्धा डोळे मिटून पितो.

आता पुढचे. नेमगोंडा आता अध्यक्ष झाले आहेत. स्वराज्य दारात आलेले असताना क्लब झोपलेला नको, म्हणून त्यांनी शर्यत उभी केली. पार्श्वनाथने बापाचे वल्हे मागितले. तो बेळगावला कॉलेजात शिकतो, पोहतो बाहुबलीसारखाच, आणि त्याला सगळ्यांच्या पुढे जायचे आहे. मी नको म्हटले, हात जोडले, दोन दिवस जेवलो नाही. तो शांतपणे म्हणाला, “काका, आप्पा गेले त्या नदीकडं पाठ करून किती वर्सं बसायचं? बेळगावात मला नावानं वळखतात. हितं मी बुडाल्याचा पोरगा.”

थोरल्या दिराशी समोर उभे राहून बोलायची आमच्या घरात रीत नाही. पंधरा वर्षे धोंडूबाई दाराआडूनच बोलली. परवा ती समोर आली, पदर सारखा करून उभी राहिली आणि म्हणाली, “भावजी, तुमच्यापायी माझं मालक गेलं. आता तुमच्यापायीच माझा पोरगा माघारी येऊ दे. त्याच्या म्होरं सुकानूवर तुमी बसा. तुमाला पवाय येत न्हाय हे त्याला ठावं हाय. तो जपून मारंल.”

तिचे म्हणणे खरे आहे. दुसरा कोणी सुकाणूवर असला तर पार्श्वनाथ वळणावर जोर लावील. मी समोर दिसत असलो तर लावणार नाही, आणि नाव वळणाआधीच फिरवणे माझ्या हातात राहील. आम्ही हरू. हरण्यासाठीच मी बसतो आहे. परंतु हे कळले म्हणून भीती गेली असे नाही. काल घाटापर्यंत जाऊन आलो. चौथ्या पायरीपर्यंत पाणी आहे आणि रंग तसाच आहे. मला भावकूने धरून वर आणले. मला मरायचे नाही. एकसष्टाव्या वर्षी माणसाने असे म्हणू नये, पण मला अजून पुष्कळ जगायचे आहे.

तर मगदूम घराण्याचे आसन पार्श्वनाथला द्यावे.

कलम चौथे. नेमगोंडा पाटील यांना माझ्या सोप्यातले भिंतीवरचे घड्याळ द्यावे. किल्ली देऊ नये. दर क्षमावणीला ते माझ्या दारी येऊन हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणतात आणि मीही म्हणतो. माझे म्हणणे पंधरा वर्षे तोंडातले होते. यंदा मनापासून म्हणता येईल का, ते नावेतून उतरल्यावर बघू.

कलम पाचवे. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. हे तसे उघडू नये. शर्यतीआधी, घाटावर, सर्व सभासद आणि वल्हेकरी यांच्यासमोर हे मोठ्याने वाचावे, आणि वाचन अध्यक्ष नेमगोंडा पाटील यांनीच करावे. चष्मा विसरलो म्हणाल्यास माझा द्यावा.

कलम सहावे, आणि हे बाकी सर्व कलमांच्या वरचे आहे. नाव उलटल्यास मला वाचवण्यासाठी कोणीही माझ्याकडे पोहत येऊ नये. आपापला काठ गाठावा. पार्श्वनाथने माझ्याकडे एक हात जरी मारला, तरी घर, शेत, आसन, यांतले त्याला काहीही मिळणार नाही. सर्व कमलाकडे जाईल. पार्श्वनाथ, तू हे घाटावर उभा राहून ऐकत असशील. ही काकाची विनवणी नव्हे, कायद्याची अट आहे. मी ओरडेन. मी भित्रा माणूस आहे, पाण्यात पडलो की तुझे नाव घेऊन ओरडणार, हे मला आत्ताच माहीत आहे. ते ओरडणे माझी इच्छा समजू नये. माझी इच्छा या कागदावर आहे.

साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही असे वकील सांगतात, म्हणून भावकूला द्यायची ती दुभती म्हैस आजच दिली आहे.

हे मृत्युपत्र साक्षीदारांना वाचून दाखवले. मारुतीराव मास्तरांनी सही केली. भावकूने अंगठ्याला शाई लावून घेतली. यंदा नावेत तो पार्श्वनाथच्या मागेच वल्हे मारणार आहे. मग म्हणाला, “अंगठा देतो, मालक. पर पान्यात पडल्यावर कागुद कुनाच्या ध्यानात ऱ्हातो? पोरगं येनारच तुमच्याकडं. मी बी येनार.”

हे त्याचे बोलणे मी जसेच्या तसे लिहून ठेवले आहे. ते ऐकून माझी भीती दुप्पट झाली. तरी सही करतो.

मुक्काम बोरगाव. भाद्रपद शुद्ध दशमी, शके १८६८, इसवी सन १९४६.

सही: धरणेंद्र जिनाप्पा मगदूम

साक्षीदार:
१. मारुतीराव सुबराव देसाई, शाळामास्तर, सही दस्तुरखुद्द
२. भावकू रवळू नाईक, नि. डाव्या हाताचा अंगठा