मदरबोर्ड मीच उठवणार

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
कम्प्युटरने आपणहून सांगितलं की बायोसचं नवीन अपडेट आलंय. बायोस म्हणजे मशीनला जाग आणणारा मूळ प्रोग्राम. खाली बारीक अक्षरांत होतं: मशीन नीट चालत असेल तर हे करू नका. असल्या सूचना अडाण्यांसाठी असतात. केलं.

७.५०
एकसष्ट टक्क्यांवर अडकलं. पंधरा मिनिटं सभ्यपणे थांबलो. मग बटण दाबलं. बटण दाबण्यासाठीच दिलेलं असतं. आता स्क्रीन काळी, पंखे नुसते गरगरतात. कंपनीचा जाहीर निषेध.

संध्याकाळी
मुलीची शेवटच्या वर्षाची सगळी ड्रॉइंग्ज त्यातच आहेत. पुढच्या सोमवारपर्यंत कॉलेजात दिली नाहीत तर वर्ष गेलं. तिचा चेहरा उतरला. म्हटलं, दोन दिवसांत मशीन उभं करतो. बायको म्हणाली, माझ्या भावाला विचारा की, त्याचं दुकानच आहे दुरुस्तीचं. पाटीवर 'तज्ज्ञ' रंगवून कोणी तज्ज्ञ होत नाही. ऑफिसातला प्रिंटर आठ वर्षं मीच सांभाळतोय.

४ मार्च
रजा टाकली. मदरबोर्ड आणि वीज पुरवणारा डबा काढून जेवणाच्या टेबलावर मांडले, शेजारी स्क्रीन. उरलेलं कॅबिनेट मुलीच्या खोलीत सरकवलं. संकल्प: चिडायचं नाही.

मुलगी म्हणाली, बाबा, डिस्कला तर काही झालेलं नसतं ना, मग. पुढे बोलूच दिलं नाही. काल चालायला शिकली आणि आज मला अक्कल शिकवते.

हेल्पलाइनने पस्तीस मिनिटं बासरी ऐकवली. मग एका बाईने विचारलं, मशीन बंद करून परत चालू केलंत का. तळपायाची आग मस्तकात गेली. तिला काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. याला चिडणं म्हणत नाहीत, ग्राहकजागृती म्हणतात.

५ मार्च
योजना पक्की. ऑफिसच्या लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर बायोसची फाइल घालायची, तो बोर्डाच्या मागच्या ठरावीक खाचेत लावायचा, शेजारचं बटण तीन सेकंद दाबायचं. बोर्ड आपोआप उठतो. नऊ वेळा दाबलं. दिवा तीनदा लुकलुकतो आणि मख्ख. पेनड्राइव्ह भिकार. नवा आणला. तोही भिकार.

मुलगी सकाळीच पिशवी घेऊन मामाकडे. सबमिशन तोंडावर आणि हिला पाहुणचार सुचतो. चेहरा मात्र शांत होता. बापावर विश्वास, दुसरं काय.

६ मार्च
बायकोची कटकट: तीन दिवस मांडीवर ताटं घेऊन जेवतोय. या घरात कोणाला ध्येय म्हणून नाही.

बोर्डावरची गोल बॅटरी काढून परत लावली. काही नाही. दोन तासांनी कळलं, उलटी लावली होती. अधिकचं चिन्ह इतकं बारीक छापणाऱ्याला उलटा टांगला पाहिजे.

७ मार्च
मुलगी आजही मामाकडे. हसत आली, आईला बिलगली. मी दिसताच दोघी गप्प. मला टेन्शन नको म्हणून. पोर गुणी आहे.

९ मार्च, रविवार
सापडलं. फाइलच्या नावाची शेवटची तीन अक्षरं लॅपटॉप लपवून ठेवतो. मी ती पुन्हा टाइप केली, म्हणून दोनदा लागली. खाचही शेजारची होती. दोन्ही चुका कंपनीच्या. ११.४० ला स्क्रीन उजळली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. दोघींना हाक मारली आणि डिस्क जोडायला कॅबिनेट ओढलं.

डिस्कची जागा रिकामी.

मुलीने खाली बघत सांगितलं. डिस्क बुधवारीच काढून मामाच्या दुकानातल्या मशीनला लावली. राहिलेलं काम तिथेच पुरं केलं. शुक्रवारी सगळं देऊनही झालं. मग मला का नाही सांगितलं, विचारलं. म्हणे, तुम्ही चिडता.

मी चिडत नाही. हे दोघींना अर्धा तास समजावून सांगितलं. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

१० मार्च
संध्याकाळी मेहुणा आला. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला, डिस्क लावली, मशीन सुरू. दहा मिनिटं लागली. तोवर मी चहा केला. चांगला झालाय, असं तिघंही म्हणाले.