अमरसिंहची जागा

१२ सप्टेंबर २०२५
वाळवंटातनं

सौ. आक्का,

लांबूनच पाया पडतो. मी बरा हाय. जेवण मिळतंय, भात ढीगभर, भाकरी न्हाय. आईचा गुडघा कसा हाय? म्हैस व्याली का?

फोन सोडून पत्र लिहितोय म्हणून हसू नको. शाळा सुटल्यापासनं एवढं कधी लिहिलं न्हाय. फोन केला की आई स्पीकर लावती, मग शेजारची शालूबाईपण ऐकती. हे तू एकटीच वाच. पत्र आणणारा अमरसिंह गडहिंग्लजचा, माझ्याच खोलीत राहायचा. त्याला माडीवर चढायला लावू नको, खाली सोप्यातच बसव.

दाजी खंडेनवमीला गॅरेजातले पाने शेवटचे पुजणार आणि सगळी हत्यारं चुलतभावाला देऊन इकडं येणार, असं तू म्हणालीस. पुजून दिलेलं हत्यार आपल्यात परत मागत न्हाईत. म्हणून ही घाई.

आईनं मुरगुडात सांगून ठेवलंय की मी तेल काढतो. आक्का, आम्ही तेल संपलेल्या विहिरी बुजवतो. नुसतं खारं पाणी वर येतंय. नळी कापायची, आत सिमेंट ओतायचं, वर लोखंडी झाकण वेल्डिंग करायचं, की चाललो पुढच्या विहिरीकडं. तेल होतं तवर इथं बाजार होता म्हणं. आता न्हावीसुद्धा निघून गेला, आम्हीच एकमेकांची केसं कापतो.

सीझनला आपल्या दारावरनं उसाचे ट्रॅक्टर जातात, डेअरीची गाडी जाती, आईला दवाखान्यात नेणारी वडापची जीप जाती. सगळी असल्याच विहिरींच्या तेलावर जगत्यात. झाकण बसवताना मला तेच दिसतं. इथं कुणाला सांगू?

मीच दाजींना म्हटलं होतं, सिमेंटच्या पंपावर मिस्त्रीची जागा रिकामी हाय. ती रिकामी कशी झाली, ते बोललो न्हाय.

ती अमरसिंहची जागा. जुन्या विहिरीतनं विषारी वायू येतो, सडक्या अंड्यागत वास. वास येतोय तवर पळायचं. वायू वाढला की नाकच मरतं आणि माणसाला वाटतं, गेला वायू. अमरला तसंच वाटलं. विहिरीच्या तोंडाशी खणलेल्या खड्ड्यातनं बाहेर आलेला गडी पाना राहिला म्हणून परत आत गेला. मी ओढून काढला त्याला. आता शर्ट घालतानापण त्याला धाप लागती. कंपनी त्याला आता घरी धाडतीय.

याच आठवड्यात मुकादमानं विचारलं, "तुझा दाजी येतोय न्हवं? न्हायतर आत्ताच सांग."

मी म्हटलं, "न्हाय येत."

दाजींना सांग, पाने देऊ नका. डिझेल मिळतंय तवर गॅरेज चालवा, आणि समोरच्या चमनभाईकडं विजेची मोटर भरायला शिका. दाजी त्याला तारा गुंडाळणारा म्हणून हिणवायचे. तो हसून म्हणायचा, "पाटील, याल की एक दिवस माझ्याच दारात." जावा म्हणावं. तेपण किती वर्षं पुरंल, मला सांगता येत न्हाय.

दाजी तुझं ऐकणार न्हाईत. म्हणून अमरला जेवू घाल आणि दाजींना त्याच्यासमोर बसव. तू गप ऱ्हा. तो एक भाकरी खाईपर्यंत दाजींना सगळं कळंल.

हिथनं खालचं पान फाडून चुलीत घाल.

दाजींची वाट बघत मुकादमानं दुसरा कुणी घेतला न्हवता. आता म्हणतोय, तू बघितलंयस काम, तूच ऱ्हा उभा. माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात हाय. सोमवारपासनं अमरच्या जागेवर मी हाय. दाजींना हे कळू देऊ नको. कळलं तर हत्यारं तशीच टाकून ते माझ्या जागी येतील.

तुझा पाठचा,
आदर्श