आपोआप मिटणारं दार

शनिवार, १४ जून

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल. मी ठीक आहे. वहिनीला सांग, प्लास्टर निघालं. हाड जुळलंय, मूठ अजून पूर्ण वळत नाही.

परवा फोनवर तू विचारलंस, "काय शास्त्रज्ञबाई, नवा फ्रिज नांदतोय ना नीट? काही वेगळा आवाज वगैरे?" मी "हो" म्हणून फोन ठेवला. उत्तर लिहूनच द्यावं असं वाटलं. फोनवर तू मधेच हसून विषय बदलतोस.

आपण दोघांनी, मी एका हाताने, तो जागेवर ढकलला, तेव्हा आतून गुडगुड आली आणि तू म्हणालास, "याला अपचन झालंय, परत पाठव." ते नळीतून फिरणारं द्रव्य. मधूनच बोटं मोडल्यासारखा आवाज येतो, तो गारठ्याने आक्रसणाऱ्या प्लास्टिकचा. दार लावलं की सुस्कारा ऐकू येतो, आणि लगेच उघडायला गेलं तर दार हट्टाला पेटतं. बाजू कोमट लागतात, कारण आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते. हे सगळं ठीक आहे. फ्रिजच्या कारखान्यात दिवसभर मी हेच मोजते.

आणखी एक. फ्रिजचे पुढचे पाय मी मागच्यांपेक्षा जरा उंच ठेवलेत. त्यामुळे दार अर्धवट सोडलं तरी आपोआप मिटतं. तरीही उघडं राहिलंच, तर फ्रिज टीं टीं करत राहतो.

मंगळवारी कामावरून आले, तर जिन्यातच टीं टीं ऐकू आली.

कुलूप शाबूत होतं. आत गेले. फ्रिजचं दार बोटभर उघडं, आतला दिवा चालू, बाजू चांगल्याच तापलेल्या. वरच्या कप्प्यात पाण्याची बाटली आडवी पडली होती, तोंड बाहेर. दार तिच्यावर अडलं होतं.

दादा, मी बाटल्या दारात उभ्या ठेवते. तुला आठवत असेल, मी सोडून आले त्या घरी वहिनी एकदा माझ्या नवऱ्याला म्हणाली होती, "जावईबापू, तुम्ही बाटली आडवी सारता आणि दार उघडं राहतं, बिल कोण भरणार?" सगळे हसले होते. तोही हसला. तो कधीच आवाज चढवत नाही. पाणी पितो, बाटली आत सारतो, मग खोलीचं दार आतून लावून घेतो. मनगटाच्या वेळीही तसंच झालं. डॉक्टरांना तू सांगितलंस, जिन्यावरून पडली.

बाटली अर्धी झाली होती. मी पलंगाखाली पाहिलं, बाथरूममध्ये, पडद्यामागे. कोणी नव्हतं. मग स्वयंपाकघरात जमिनीवर बसले.

आमच्याकडे यंत्राचा आवाज मोजण्याआधी यंत्र बंद ठेवून खोलीचा आवाज मोजतात. तो वजा केला की उरतो तो यंत्राचा. घरी मी तसंच केलं. फ्रिज बंद करून ऐकत बसले. लिफ्ट. वरच्यांचा नळ. जिन्यात पावलं, माझ्या दाराशी मंदावलेली, मग पुढे गेलेली. मी फ्रिज परत चालू केला. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक आवाजाला मनात नाव देते. नाव सापडेपर्यंत श्वास घेत नाही.

या घराला किल्ल्या दोनच होत्या. एक माझ्या पर्समध्ये असते. दुसरी "अडीअडचणीला असू दे" म्हणून तू घेतलीस. तुझा हेतू वाईट होता असं मी लिहिणार नाही. "एकदा समोरासमोर बसा, मिटेल सगळं," असं तू म्हणतच होतास. त्याने किल्ली मागताना तुला काय सांगितलं, तेही विचारत नाही.

कुलूप बदललंय. नव्याच्या सगळ्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. जुनी आता कशाच्याच उपयोगाची नाही, तरी टपालाने पाठव. तो परत देत नसेल, तर तसं कळव. स्वतः मात्र येऊ नकोस. तू बेल वाजवलीस, हाक मारलीस, तरी मी दार उघडणार नाही. तुझा आवाज मी कुठेही ओळखेन. पण तुझ्यामागे कोण उभं आहे, हे त्यावरून मला कळणार नाही.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
जिन्यावरून न पडलेली बहीण