जांगड आणलेला लॅपटॉप

जळगाव
५ एप्रिल

प्रिय अखिलभैया,

जय जिनेंद्र. काका-काकूंना नमस्कार सांग. इकडे सगळे मजेत. ऊन नुसतं मी मी म्हणतंय. मम्मी गच्चीवर पापड घालते आणि खाली येऊन पाणी पिईपर्यंत ते वाळलेले असतात. दुपारी सराफ बाजारात कुत्रंसुद्धा फिरकत नाही.

तुझ्या दुकानातली पाटी मला पाठ आहे. "बिघाड कागदावर लिहून आणा. 'चालत नाही' एवढंच लिहू नये. त्या वेळी आपण काय करत होता तेही लिहावे." फोनवर सांगायला लागले तर म्हणालास, चुलत बहिणीलाही सूट नाही. वा रे वा, मोठा आला धुळ्याचा इंजिनियर! म्हणून लिहायला बसले. पत्र लॅपटॉपच्या बॅगेतच ठेवलंय. जीवरामभाऊ मिलमधली डाळ घेऊन धुळ्याला येतातच, त्यांच्याकडे दिलं. बॅग उचलून म्हणाले, "हाई काय शे ताई, इतलं जड?" म्हटलं, माझं भविष्य आहे, जरा हळू ठेवा.

तर ऐक. दागिन्यांची डिझाइनं काढायला माझा जुना डबा आता पुरत नाही. पडद्यावर अंगठी चहूबाजूंनी फिरवून बघायची तर चांगलं ग्राफिक कार्ड लागतं, आणि ते असलेला, आपल्याला झेपणारा लॅपटॉप म्हणजे पोरांचा गेमिंगचा. लाल दिवे काय, मागे जाळ्या काय! पप्पा म्हणाले, "मंगळसूत्र काढायला हे लढाईचं यंत्र कशाला?" पण मला तोच हवाय. रोनकच्या घरच्यांनी कबूल केलंय की लग्न होऊन पारोळ्याला गेले तरी माझं काम चालू राहील. सगाई आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर आहे. त्याआधी भरवशाचं मशीन माझ्या हातात पाहिजे. नाहीतर उद्या सासरी ते बंद पडलं की "बिघडलंय ना, मग राहू दे आता" म्हणायला लोकांना कितीसा वेळ लागतो?

प्रेमराजकाकांनी हा जांगड दिलाय. त्यांचं दुकान कॉम्प्युटरचं, पण रीत सराफ्याची. घरी न्या, वापरून बघा, पसंत पडला तर ठेवा, नाहीतर परत आणा. पहिला मी परत केला. हा दुसरा. आणि याच्यातही तोच बिघाड! दादासा बोललेच, आजोबाच ते: "नाचता येईना, अंगण वाकडं."

आता बिघाड. हा बंद पडत नाही. पडदा काळा होत नाही. पण मधलं काहीतरी खाऊन टाकतो. मी अंगठी फिरवत असते, खडा वर असतो, आणि बघते तर अंगठी उलटी, गाणं भलतंच पुढे गेलेलं. कधी अडकला ते कळतही नाही, एकदम पुढे उडी मारतो. इतका वेळ अडकून बसतो की चहावर साय धरते.

बाकी तक्रारी किरकोळ. पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडतो. झाकण उघडताना बिजागरी कुरकुरते. कीबोर्ड मधोमध दाबला की प्लास्टिक लवतं. सर्व्हिस सेंटर थेट नाशिकला. व्हिडिओ बघायला जावं तर एक जण म्हणतो डोळे झाकून घ्या, दुसरा म्हणतो फुकट दिला तरी घेऊ नका. कुणाचं ऐकायचं?

हसू नकोस भैया, पण मला या मशीनची भीती वाटते. पहिल्यांदा झालं तेव्हा मी झाकण मिटून बाहेर जाऊन बसले होते. चांगलं चालता चालता जे मध्येच थांबतं, त्याच्या भरवशावर माणसाने काय करायचं? नीट तपास. आणि काहीतरी सापडू दे रे बाबा. काहीही सापडू दे.

तुझी,
चेलना


जळगाव
१३ एप्रिल

प्रिय अखिलभैया,

जय जिनेंद्र. लॅपटॉप पोचला, चिठ्ठीही पोचली. तू तो दिवसभर जड कामाला जुंपलास, शटरशेजारी उन्हात ठेवलास, बिजागरी शंभरदा उघडमीट केलीस आणि लिहिलंस, "मशीन निर्दोष." इतकी मेहनत सख्खा भाऊही करत नाही. तरी तुझं म्हणणं मला पटलेलं नाही. तुझ्याकडे शहाण्यासारखं वागायचं आणि माझ्याकडे आलं की नखरे, असंही असतं ना काही मशीनचं?

तू त्यात ते रेकॉर्डिंग लावून दिलंस, पडदाही टिपणारं आणि समोरच्या कॅमेऱ्यातून मलाही टिपणारं. चालू ठेवलं होतं. बघायला अजून सवड झालेली नाही. घरात सगाईची धामधूम आहे. लेहंग्याचा ब्लाउज दोनदा उसवून झाला, मिठाईवाल्याशी पप्पांचं रोज वाजतंय, आणि दादासांना पाहुण्यांच्या यादीत फक्त मेलेल्यांची नावं आठवतात.

परवा रोनक येऊन गेला. माणूस चांगला आहे रे. आम्ही गच्चीत बसलो होतो. तो काहीतरी सांगत होता आणि मग मला दिसलं की तो हसतोय. म्हणाला, "कुठे हरवली होतीस? मी तीनदा हाक मारली." मी म्हटलं, तुमच्या पारोळ्याच्या किल्ल्यावर जाऊन आले. त्याला ते फार आवडलं. खाली येताना मी कठडा धरून उतरले.

स्कूटी पंक्चर आहे. त्यामुळे लेकीला, विधीला, शाळेत सोडायला हल्ली योगेंद्रभैया स्वतःच जातो. पोरगी रुसलीय माझ्यावर. भुवाच्या, म्हणजे माझ्याच गाडीवर जायचं म्हणते, पुढे उभं राहून.

बरं, तुला आपली मोहनभुवा, पप्पांची बहीण, आठवते का? काही कारण नाही, मम्मीने पापडाचं पीठ मळलं म्हणून आठवली. मागच्या खोलीत पापड लाटत बसायची आणि लाटता लाटता एकदम थांबायची. लाटणं तसंच हातात, डोळे उघडे. आपण दोघं ओरडायचो, "भुवा, स्टॅच्यू!" आणि टाळ्या पिटायचो. मग ती पुन्हा लाटायला लागायची आणि आपल्याला वाटायचं, काय मस्त खेळते भुवा, पापणीसुद्धा हलवत नाही. तिला काय होतं, हे तुला कधी कुणी सांगितलं? तिचं लग्न का झालं नाही? मी काल मम्मीला विचारलं. तिने लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "सगाईच्या तोंडावर असली नावं काढू नये."

असो. मी प्रेमराजकाकांना निरोप दिलाय की हाही नको, तिसरा द्या, दुसऱ्या कंपनीचा .........................................

ही रेघ अशी पानाच्या कडेपर्यंत गेली, तिला हसू नकोस. पेन घसरलं. विधीचा धक्का लागला असेल.

तिसरा आला की तुझ्याकडे पाठवते. तोपर्यंत विचार करून सांग, पंखा, बॅटरी, मेमरी सगळं ठीक असताना मशीन मध्येच थांबण्याचं आणखी काय कारण असू शकतं? साधंसुधं कारण सांग.

तुझी,
चेलना


जळगाव
२२ एप्रिल

अखिलभैया,

तुझी चिठ्ठी जीवरामभाऊंनी हातात दिली. लॅपटॉपबद्दल तिच्यात एक अक्षर नाही. "ती रेघ कशाची? तेव्हा विधी कुठे होती?" बस, एवढंच. तू दुष्ट आहेस. दारातच उभी राहून वाचली आणि तिथेच पायरीवर बसले.

विधी घरात नव्हती. वहिनीबरोबर आजोळी पहूरला गेली होती. घरात मला धक्का देणारं कुणीच नव्हतं.

कागदाला तर बॅटरी नसते ना रे? पेनाला पंखा नसतो. तरी थांबलं.

रेकॉर्डिंग मी मागचं पत्र लिहायच्या आधीच बघितलं होतं. खोटं लिहिलं तुला. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ एकदाही अडकलेलं नाही. गाणं नीट चालू आहे. थांबलाय तो माऊसचा बाण. मग मी माझा चेहरा बघितला. भैया, ती मी नाहीच. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. तोंडात गोळी असल्यासारखे ओठ हलतायत, आणि हात ओढणीचं टोक चिमटीत धरून ओढतोय, ओढतोय. मला त्यातलं काहीही आठवत नाही. स्वतःच्याच तोंडाची कधी कुणाला अशी भीती वाटली असेल का? मी लॅपटॉप धाडकन मिटला. मग पुन्हा उघडला, कारण पुढे विधीचा आवाज होता.

विधी येते, माझ्या तोंडासमोर उभी राहते, वाकून बघते. आणि टाळ्या पिटून ओरडते, "भुवा, स्टॅच्यू!"

तिला कोणी शिकवला रे हा खेळ? आपण तर नाही शिकवला.

आता स्कूटीचंही सांगून टाकते. ती पंक्चर नाही. विधीला शाळेतून आणत होते, ती पुढे उभी होती. अजिंठा चौफुलीचा सिग्नल लाल होता, इथपर्यंत मला आठवतं. पुढचं आठवतं ते म्हणजे डंपरचा हॉर्न आणि विधीची किंकाळी. गाडी सिग्नल ओलांडून पार पलीकडे गेली होती. विधीच्या केसालाही धक्का लागला नाही. देवानेच वाचवलं, माझा त्यात काही हात नव्हता. मी तिला आइस्क्रीम दिलं आणि सांगितलं, घरी बोलायचं नाही. सहा वर्षांच्या पोरीला मी खोटं बोलायला शिकवलं. तेव्हापासून किल्ली तांदळाच्या डब्यात आहे. रोज सकाळी कुणी भात लावायला डब्याकडे वळलं की मीच पुढे होऊन तांदूळ काढून देते.

मोहनभुवा मागच्या हौदावर पाणी काढायला गेली आणि पाय घसरून पडली, असंच आपल्याला सांगितलंय ना? तिचा पाय घसरला नव्हता, भैया. ती थांबली होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मम्मीनेच शेवटी कबूल केलं. तिला डॉक्टरकडे कुणी नेलं नाही, कारण नेलं असतं तर बाजारात कळलं असतं, आणि मग पप्पांची, काकांची लग्नं अडली असती. आधी लपवलं, मग सवय झाली, मग ती गेली.

मी मम्मीला सांगितलं. तिने आधी खोलीचं दार लावून घेतलं, मग मला जवळ घेतलं आणि दोघी रडलो. मग डोळे पुसून म्हणाली, "कुणाकडे बोलू नकोस. आखाजी होऊ दे. लग्नानंतर असल्या गोष्टी आपोआप बऱ्या होतात." तिला माझ्याहून जास्त भीती वाटतेय, म्हणून मला तिचा राग येत नाही.

पण मला जगायचंय. गॅससमोर उभी राहिले की भीती वाटते. जिना उतरताना वाटते. अंघोळीला कडी लावत नाही, बादली अर्धीच भरते. काम मात्र करते. लॅपटॉपसमोर बसले की निदान पडणार तरी नाही. बघ, ज्या मशीनला घाबरत होते, आता त्याच्याच समोर जरा निवांत वाटतं.

रोनकला मी आखाजीच्या आधी सांगणार आहे. काल दादासांच्या पायाशी बसून त्यांना उगाच विचारलं, जांगड माल देताना तुम्ही काय बघायचात? त्यांना काही ठाऊक नाही, सहज बोलले: "दोष असला तर आपल्या तोंडाने आधी सांगायचा. त्याने शोधून काढला तर माल परत येतो आणि नावही जातं." दादासांची, घेवरचंद सराफाची नात आहे मी, त्यांच्याच रीतीने करीन. पण भैया, सराफ परत आलेला दागिना पुसून पुन्हा काचेत ठेवतो. परत आलेल्या मुलीचं काय करतात? मागची खोली अजून तशीच आहे. मम्मी तिथे पापड वाळवते.

रोनक नाही म्हणाला तर मी खूप रडेन, आधीच सांगून ठेवते. पण न सांगता गेले आणि उद्या पारोळ्याला माझ्या कडेवर लेकरू असताना थांबले, तर? हा विचार आला की बाकीच्या सगळ्या भीती लहान वाटतात.

तू रविवारी ये. मम्मीला सांग की लॅपटॉपच्या कामासाठी चेलनाला धुळ्याला नेतो. तिकडे मेंदूचे डॉक्टर असतील त्यांना दाखवू. रेकॉर्डिंग मी पेन ड्राइव्हवर घेतलंय. ते तू बघू नकोस, थेट डॉक्टरांना दे. नाही, तूही बघ. कुणीतरी बघितलेलं असू दे. आणि ते विचारतील तेव्हा माझ्या शेजारी बसून राहा. कधीपासून, कितीदा, हे मला काहीच ठाऊक नाही. जे होतं तेव्हा मी तिथे नसतेच.

प्रेमराजकाकांकडे पप्पांबरोबर जाऊन आले. सांगितलं, तिसरा नको, हाच ठेवते, मशीन चोख आहे. पहिल्यातही काही दोष नव्हता, गिऱ्हाइकाला बिनधास्त द्या. काका म्हणाले, "मग बिघाड कुठे होता बेटा?" मी म्हटलं, सापडलाय, दुरुस्तीला टाकतेय.

रविवारी ये. नक्की ये. मी फार घाबरलेय रे.

तुझीच,
चेलना

ता. क. हे पत्र मी एका बैठकीत, न थांबता लिहिलंय, असं मला वाटतं. पुन्हा वाचायचा धीर होत नाही. कुठे रेघ गेलेली दिसली तर रविवारची वाट बघू नकोस, आजच निघ.